शू… बाबांची रेस्ट आहे!

असे किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. आम्ही रेल्वे क्वार्टर्समधल्या बायका अजून कधी एखाद्या लग्नात भेटलो की एकीला एक आठवतो, त्यावरून दुसरीला दोन आठवतात आणि मांडवातल्या बाकीच्या बायका वळून आमच्याकडे बघायला लागतात. कारण आम्ही हसतोसुद्धा आवाज न करता! तोंडाला पदर लावायचा आणि नुसते खांदे हलवायचे. सवयच लागली ती. सोलापूरच्या त्या ओळीत आमची उमेदीची वर्षं गेली आणि सगळी कुजबुजण्यात गेली.

कारण सांगते. आमच्या ओळीत सगळे रनिंग स्टाफवाले. म्हणजे ड्रायव्हर, फायरमन, गार्ड. आमचे हे मालगाडीचे गार्ड. मालगाडीला ना वेळ ना काळ. रात्रभर वाडीपर्यंत नाहीतर दौंडपर्यंत जायचं, उन्हं वर आल्यावर घरी यायचं, आंघोळ करायची, दोन घास खायचे आणि गुडूप व्हायचं. याला रेल्वेच्या भाषेत 'रेस्ट' म्हणतात. रेस्ट संपली की पुन्हा कॉल. डोळ्यावर झोप घेऊन माणूस ड्युटीवर गेला तर काय होतं, हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यामुळे रेस्ट मोडणं म्हणजे महापाप!

ज्या घरात नवरा झोपलेला, त्या दाराच्या कडीला लाल फडकं. हा आमच्या ओळीचा सिग्नल. फडकं दिसलं की पोरांनी चपला हातात घ्यायच्या आणि बायकांनी भांडी घासायची तीसुद्धा न वाजवता. फडकं काढलं की लाईन क्लिअर. पण इकडचा उठला की तिकडचा झोपायला आलेला असायचा. कुठल्या ना कुठल्या कडीला फडकं असायचंच. आता मला सांगा, पोरांनी ओरडायचं कधी?

*

मोहोळकडची एक भाजीवाली यायची. पलीकडच्या ओळीत ती "मेथी घ्या, अंबाडी घ्या!" असं ओरडायची की कानठळ्या बसायच्या. पण आमच्या कोपऱ्यावर आली की एकदम मुकी! पाटी घेऊन एकेका खिडकीशी जायची आणि गजाला तोंड लावून कुजबुजायची.

एकदा माझी नणंद माढ्याहून आली होती. दुपारी ती खिडकीशी बसलेली. बाहेरून आवाज आला, "वैनी, घेता का? लई कवळी हाय. तुमाला म्हणून स्वस्त देते, कुणाला बोलू नगा." मी घाईघाईनं दोन जुड्या आत ओढून घेतल्या आणि पैसे सरकवले.

नणंदेचा चेहरा पडला. हात धरून मला आत नेलं आणि म्हणाली, "वहिनी, दादा एवढा कमावतो, आणि तुम्ही चोरीची मेथी घेता होय?"

*

शेजारी फातिमाभाभी. शेख ड्रायव्हरच्या. त्यांचा सलीम आणि माझा दिनू एका वयाचे, चार-साडेचारचे. एका दुपारी दोघं अंगणात एकमेकांना घट्ट मिठी मारून उभे. आम्ही दोघी खिडकीतून बघतोय. भाभींना भरून आलं. "देखो भाभी, कित्ता प्यार है दोनों में!"

प्रेम फारच वेळ चाललं म्हणून आम्ही बाहेर गेलो. बघतो तर सलीमचे दात दिनूच्या दंडात आणि दिनूच्या मुठीत सलीमचे केस! दोघांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहतंय आणि आवाज मात्र कुणाचाच नाही. सोडवलं तेव्हा सलीमचा एक दुधाचा दात पण निघून आला.

भाभींनी सलीमवर हात उगारला. तेवढ्यात त्यांना स्वतःच्याच कडीचं फडकं दिसलं. हात वरच्या वर राहिला. दातओठ खाऊन म्हणाल्या, "अब्बा उठने दे. शाम को मारती तेरेकू. याद दिला!"

गुणी पोर! संध्याकाळी चहाच्या वेळी समोर येऊन उभं राहिलं आणि म्हणालं, "अम्मी, मेरेकू मारने का रह गया ना!"

हसून हसून आमची पुरेवाट झाली. पण दिनूच्या दंडाला हळद लावताना मला पहिल्यांदा भीती वाटली. दात चांगले रुतले होते. एवढं दुखल्यावर चार वर्षांचं पोर किंचाळायला नको? तो ओठ मिटून माझ्याकडे बघत होता आणि त्याची हनुवटी तेवढी थरथरत होती.

*

बालवाडीत तर मजाच. तिथे निम्मी पोरं आमची आणि निम्मी विणकरांची. विणकरांची पोरं मागांच्या खडखडाटात वाढलेली. त्यांना हळू बोलता यायचंच नाही. शेजारच्याकडे पाटीची पेन्सिल मागायची तरी अशी मागायची की रस्त्यावरचा माणूस थांबेल! आणि आमची पोरं प्रार्थनेला उभी राहिली की ओठ हलायचे, आवाज नाही. बालवाडीच्या लिमयेबाई म्हणायच्या, "निम्मा वर्ग मला बहिरी करतो, आणि उरलेला निम्मा मी बहिरी झाले की काय अशी शंका आणतो."

एकदा त्यांनी दिनूला जवळ घेतलं. "बाळ, मोठ्यानं म्हण. इथे कुणीही झोपलेलं नाही." दिनूनं सगळ्या वर्गावर नजर फिरवली आणि भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे बालवाडीला जागा देणाऱ्या शेटजींचा फोटो. हार घातलेला आणि डोळे मिटलेला.

"ते झोपलेत ना?"

बाईंनी फोटोकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी फोटो ऑफिसमध्ये गेला.

त्याच बाईंनी मला बोलावून घेतलं होतं. "पोर हुशार आहे हो," त्या म्हणाल्या, "पण सगळं आत दाबतं. असं पोर मग चावतं, नाहीतर झोपेत अंथरूण ओलं करतं. रोज थोडा वेळ त्याला ओरडू द्या." दिनू दोन्ही करत होता आणि मी कुणाला सांगितलं नव्हतं. यांना कधी सांगणार? जागे असले की जायची घाई, आणि उरलेला वेळ रेस्ट!

*

आता ओरडायला न्यायचं कुठे? क्वार्टर्समध्ये सोय नाही. भर रस्त्यात ओरडलं तर लोक वेड्यात काढतील. शेवटी मी शोधून काढलं. क्वार्टर्सच्या मागे रुळांच्या कडेला कुंपण होतं. दुपारची मेल तिथून धडधडत जायची. मेल आली की दिनूला म्हटलं, "ओरड!" आधी तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. मग मीच ओरडले. मग तोही. मेल गेली, आम्ही दोघं गप्प. कुणालाही काही कळलं नाही. त्या रात्री पोराचं अंथरूण कोरडं राहिलं.

दोन-चार दिवसांत ओळभर बातमी पसरली. दुपार झाली की सगळ्या बायका आपापली पोरं घेऊन कुंपणाशी हजर. म्हणायचं पोरांसाठी आणि ओरडायच्या बायकाच जास्त! कुणी घसा खरवडून रडून घ्यायची, कुणी शिव्या हासडायची. मी काय ओरडायचे सांगू? मी यांचं नाव घ्यायचे. तोवर उखाण्याशिवाय तोंडातून निघालं नव्हतं. घरात घ्यायचं नाही, आणि घ्यावं म्हटलं तर ऐकायला जागं कोण होतं? रुळांच्या कडेला मात्र पोटभर घ्यायचे.

आमच्यात एक शांतव्वा होती. फायरमनची बायको, अक्कलकोटची. तिचं सगळं ओरडणं कानडीत आणि सगळं सासूबद्दल. एक दिवस लांबून इंजिन दिसलं, आम्ही सज्ज झालो, पोरांनी श्वास भरून घेतला. पण ती मेल नव्हतीच. एकटंच इंजिन, मागे डबाच नाही! भस्सकन आलं आणि गेलं. आम्ही सगळ्या वेळेवर थांबलो. शांतव्वा डोळे मिटून ओरडायची, त्यामुळे तिला काही कळलंच नाही. सगळ्या शांततेत तिचा आवाज यार्डभर घुमला, "अत्ती, नंग साकाग्येद!"

म्हणजे, सासूबाई, मला वीट आलाय तुमचा.

आणि सासू मागेच उभी. नातवाला सोडायला आलेली. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं, पदर खोचला, कुंपणाशी पुढे झाली आणि म्हणाली, "मेल येऊ दे की आता. माजा बी नंबर हाय."

*

एकदा यांना चक्क रजा मिळाली. अख्खा दिवस घरी आणि तेही जागे! यांनी हौसेनं दिनूला हाक मारली, "ये रे, घोडा घोडा करू." दिनू दाराआड उभा. हे गुडघ्यांवर ओणवे झालेले, आणि पोर जवळ यायला तयार नाही.

बऱ्याच वेळानं तो आला. यांच्या पाठीवर नाही बसला. समोर बसला, आपला पंजा यांच्या डोळ्यांवर ठेवला आणि म्हणाला, "बाबा, झोपा आता."

"अरे, आज मला झोप नाही आली."

"येईल," असं म्हणून पोर यांना थोपटायला लागलं.

आणि खरंच, थोपटता थोपटता हे घोरायला लागले! दिनूचा चेहरा असा खुलला! धावत जाऊन कडीला फडकं बांधून आला. मी आत शिरा करत होते. आज दुपारी यांच्याशी काय काय बोलायचं ते मी आठवडाभर मनात जुळवून ठेवलं होतं, दिनूचं चावणं, बाईंचा सल्ला, सगळं. शिरा झाकून ठेवला आणि फडकं लागलेल्या घरात बसून राहिले.

*

मग तो रेल्वेचा मोठा संप झाला. चाकं थांबली. संपावरच्या माणसांना पोलीस घरातून उचलत होते. नोकरी जाणार, क्वार्टर खाली करायला लावणार, रोज नवीन बातमी. ओळीतले पुरुष एकेक करून निघून गेले. कुणाला कळू नये म्हणून कुठे ते बायकांनाही नीट सांगितलं नाही. आमचे हे मोहोळच्या पुढे एका मित्राच्या उसात होते, एवढंच मला ठाऊक.

मे महिन्यातलं सोलापूर, अंगाची लाही लाही, आणि यार्ड एकदम गप्प! डबे जोडायचं-तोडायचं शंटिंग नाही, मालाच्या वाघिणींची आदळआपट नाही, शिट्टी नाही. ओळीत एकाही कडीला फडकं नाही. आम्ही पोरांना म्हटलं, "ओरडा रे आता! कुणी झोपलेलं नाही." एक पोर ओरडलं असेल तर शपथ. सगळी ओट्यावर बसून राहिली.

आणि तान्ही पोरं झोपेनात! जन्मापासून शंटिंगच्या आवाजात झोपणारी ती. शांतव्वाच्या बाळानं तर दुपारभर डोळा मिटला नाही. शेवटी तिनं पत्र्याच्या डब्यात मूठभर ज्वारी घातली आणि हलवायला लागली. खडक-खडक, खडक-खडक. फातिमाभाभी तोंडानं शिट्टी द्यायला लागल्या. शांतव्वाच्या सासूनं वाफ सोडायचं काम घेतलं, "फुस्स… फुस्स…" अशी आमची गाडी चालली. पोर झोपलं. वाफ सोडता सोडता सासू पण झोपली!

शांतव्वानं डबा खाली ठेवला. "गाडी तर वाडीला पोचली बगा," ती म्हणाली, "मालक कुटं पोचल्यात कुणाला ठाव."

आम्ही हसलो. भाभींनी डबा उचलून पुन्हा हलवायला घेतला.

*

दिनूला मी सांगितलं होतं, बाबा ड्युटीवर गेलेत. एकही गाडी हलत नाही आणि बाबा ड्युटीवर! पण पोराला काय सांगणार? त्यानं काही विचारलं नाही. फक्त जेवण तुटलं. अंथरूण पुन्हा ओलं व्हायला लागलं.

मग एक दिवस बघते तर आतल्या खोलीचं दार लावलेलं आणि कडीला फडकं. आत कॉटवर लोड आडवा ठेवलेला, त्यावर यांची चादर डोक्यापर्यंत ओढलेली, उशाशी यांचा चष्मा. दिनू दारात बसलेला. मला बघून ओठांवर बोट ठेवलं. "बाबा झोपलेत."

मी दोघी शेजारणींना सांगितलं. शांतव्वा म्हणाली, "दोन ठेवून द्या, डोकं जाग्यावर येईल." भाभी म्हणाल्या, "नक्को भाभी. खेलने दो." माझं मन ठरेना. भर उन्हात नवी पेठेत लिमयेबाईंच्या घरी गेले. बाईंनी पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मोडू नका. त्याला कुठेतरी धरून राहायचंय. तो जेवतो का बघा, जवळ बसा, त्याच्या कलानं घ्या. वेळ आली की तोच चादर काढेल."

म्हणून मी त्याच्या कलानं घेतलं. जाता-येता पाय न वाजवता चालायचे. चहाचा एक कप आत नेऊन ठेवायचे. दिनू बघतोय म्हणून चादर नीट करायचे आणि दोन शब्द बोलायचे. "ऊन फार आहे हो आज." "भाभींच्या सलीमला गोवर आलाय." पोर दाराशी बसून ऐकायचं. मग माझ्याबरोबर दोन घास खायचं. मला वाटलं, चला, उपाय लागू पडतोय. खरं सांगायचं तर त्या दोन शब्दांचे हळूहळू चार झाले, आणि चाराचे दहा. लग्न झाल्यापासून यांच्याशी एवढं बोलायला मिळालं नव्हतं. कधी कधी बोलता बोलता रडूही यायचं. दिनूकडे पाठ करून बसायचे.

*

आणि अशा दुपारी हवालदार आले.

पन्नाशीचा माणूस, माढ्याकडची बोली. बरोबर एक शिपाई. शिपायाला मागच्या दारी उभं केलं आणि मला म्हणाले, "वैनी, गार्डसाहेब कुटं हायत?"

"गावाला गेलेत," मी म्हटलं.

हवालदारांची नजर आतल्या दाराकडे गेली. कडीला लाल फडकं! संपाच्या आधीपासून ते याच ओळीत गस्तीला फिरायचे, फडक्याचा अर्थ त्यांना ठाऊक होता. दाराशी दिनू पाय पसरून बसलेला. त्यांनी बूट पुढे टाकला, तसं पोरानं ओठांवर बोट ठेवलं. "शू! बाबा झोपलेत."

"गावाला व्हय, वैनी?" हवालदार माझ्याकडे बघून म्हणाले. "हितंच थांबा. आत येऊ नगा."

मला ओरडून सांगायचं होतं, अहो, तिथे कुणी नाही, पोराचा खेळ आहे तो! पण दिनू समोर होता. सांगितलं तर माझ्याच तोंडून खेळ मोडणार, गप्प राहिले तर पोलिसाच्या हातानं त्याच्यासमोर चादर ओढली जाणार! एवढे दिवस जपलेलं सगळं एका झटक्यात जाणार होतं. मी दाराची चौकट धरून उभी राहिले. हवालदार आत गेले. दिनू त्यांच्या मागे गेला आणि त्यानं आतून दार लोटून घेतलं.

चादर सरकल्याचा आवाज आला.

मग दिनूची कुजबूज. दुसऱ्या कुणाला ऐकू आली नसती. पण आमच्या ओळीतल्या बाईला भिंतीपलीकडची कुजबूज ऐकू येते.

"लोड आहे तो."

"दिसतंय की मला," हवालदारही कुजबुजत होते.

"आईला सांगू नका."

"का रं बाळा?"

"तिला खरंच वाटतं, बाबा आहेत. ती रोज त्यांच्याशी बोलते."

आत पुन्हा चादर सरकल्याचा आवाज झाला. दार उघडलं. हवालदारांची टोपी हातात होती. दिनू त्यांचं बोट धरून, मान वर करून त्यांच्या तोंडाकडे बघत होता. हवालदारांनी दार हळूच ओढून घेतलं, कडीचं सुटलेलं फडकं पुन्हा बांधलं आणि अगदी खालच्या आवाजात मला म्हणाले,

"वैनी, आमी येतो. साहेब लई गाढ झोपल्यात. उठवू नगा."

मी म्हटलं, "बरं." हळूच म्हटलं.